प्रश्न तुमचे: पाय नसलेली पेशी चालते कशी आणि चिकटलेली सुटते कशी

मागच्या अंकात गळवातला पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात आणि त्या रक्तातून बाहेर पडून चालत तिथे पोचलेल्या असतात असं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर पेशींच्या चालण्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, थोडे छाटलेत, रागावू नका.

बारावीला अ‍ॅक्टिन आणि मायोसिन फक्त स्नायूंच्या धड्यात होतं. आता बीएस्सीला मॅडम म्हणतात की सगळ्या पेशींत अ‍ॅक्टिन असतं आणि पांढरी पेशी त्याच्याच जिवावर चालते. पण स्नायूच नाही तर ढकलतं कोण? आणि त्या चॅप्टरमध्ये प्रोटीनची एवढी नावं आहेत की डोकं फिरतं, सगळी पाठ करायची का?
(बीएस्सी दुसरं वर्ष, सातारा)

नावं पाठ करू नका, कामं समजून घ्या, मग नावं आपोआप बसतात.

अ‍ॅक्टिन पहिल्यांदा हाती लागलं ते स्नायूतच. १९४२ च्या आसपास हंगेरीत सेगेडला सेंट-ज्यॉर्जी यांच्या लॅबमध्ये ब्रुनो श्ट्राउब यांनी ते वेगळं काढलं, महायुद्ध चालू होतं त्यामुळे बाकी जगाला कळायलाही वेळच लागला. तेव्हापासून पुस्तकात ते स्नायूच्या धड्यात जाऊन बसलंय ते बसलंच. खरं तर अमिबापासून आपल्यापर्यंत केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीत ते आहे आणि एवढ्या काळात फारसं बदललेलंही नाही.

अ‍ॅक्टिनचा एक सुटा कण म्हणजे ३७५ अमिनो अ‍ॅसिडचा गोळा. असे कण एकाला एक लागले की पीळ असलेला धागा होतो, जाडी साधारण ७ नॅनोमीटर. ह्या धाग्याची दोन टोकं सारखी नसतात आणि सगळी गंमत तिथेच आहे. एका टोकाला, त्याला बार्बड एंड म्हणतात, कण पटापट लागतात, दुसरं जे पॉइंटेड एंड तिथे सावकाश लागतात आणि तिथूनच गळत राहतात. कण लागताना सोबत एटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) घेऊन येतो, थोड्या वेळानं त्याचा एडीपी (वापरून झालेलं रूप) होतो, म्हणजे धाग्याचा नवा भाग कुठला आणि जुना कुठला ह्याचा हिशेब धाग्यावरच राहतो. पुढे भर आणि मागे गळती, ह्याला ट्रेडमिलिंग म्हणतात.

आता ढकलतं कोण, तर हा वाढणारा धागाच ढकलतो. पेशीचा पडदा कधी स्थिर नसतो, सारखा थरथरत असतो, थरथरताना धाग्याचं टोक आणि पडदा ह्यांच्यात क्षणभर फट पडते आणि तेवढ्यात एक कण आत शिरून बसतो, आता पडद्याला मागे यायला जागा उरली नाही. एका धाग्याची ताकद नगण्य, पण पुढच्या कडेला असे असंख्य धागे एकदम हेच करत असतात आणि पेशीची कड पातळ जिभेसारखी पुढे सरकते, तिचं नाव लॅमेलिपोडियम. म्हणजे ढकलायला मायोसिन लागतच नाही, ते लागतं मुख्यतः मागची बाजू आवळून पुढे ओढायला.

पण नुसतं अ‍ॅक्टिन असून भागत नाही, कारण ते मोकळं सोडलं तर पेशीभर कुठेही धागे वाढतील आणि पेशी जागेवरच बसेल. म्हणून ती नावांची फौज. थायमोसिन बीटा-४ सुटे कण धरून ठेवतं, साठा म्हणा. प्रोफिलिन एटीपीवाला कण वाढत्या टोकाशी नेऊन देतं. आर्प २/३ हे सात प्रोटीनचं कॉम्प्लेक्स, १९९४ मध्ये अकँथअमीबा नावाच्या मातीतल्या अमिबात सापडलं, ते जुन्या धाग्याच्या अंगावर बसून सुमारे ७० अंशात नवी फांदी फोडतं, लॅमेलिपोडियमची जाळी ह्याचीच. फॉर्मिन फांद्या फोडत नाही, ते टोकाला चिकटून लांब सरळ धागा वाढवत नेतं. कॅपिंग प्रोटीन वाढतं टोक बंद करतं, ऐकायला अडथळा वाटतो पण त्यामुळेच फांद्या आखूड आणि ताठ राहतात आणि माल भलत्या टोकांना जात नाही.

आणि कोफिलिन. ह्याला बऱ्याच नोट्समध्ये "अ‍ॅक्टिन नष्ट करणारे प्रोटीन" असं एका ओळीत उडवलेलं असतं, मला ते अजिबात पटत नाही. ते एडीपीवाला म्हणजे जुना भाग ओळखून धागा तोडतं हे खरं, पण तोडलेले कणच परत पुढे वापरायला मिळतात, आणि तुटलं की नवीन टोकंही तयार होतात. कोफिलिन बंद पाडलं की धागे साठत जातात आणि चाल मंदावते.

ह्या सगळ्यांच्या डोक्यावर रो कुटुंबातले छोटे स्विच, जीटीपी (एटीपीचाच भाऊबंद) धरला की चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद. १९९२ मध्ये लंडनला अ‍ॅलन हॉल आणि अ‍ॅन रिडली ह्यांनी साध्या फायब्रोब्लास्ट पेशींत हे दाखवलं, रो चालू केलं की जाड ताणलेले दोर आणि चिकटण्याचे ठिपके तयार होतात, रॅक चालू केलं की कड लाटांसारखी फुगून पुढे येते, नंतर सीडीसी-४२ मुळे बारीक बोटं फुटतात तेही कळलं. रॅक पुढे वेव्ह नावाच्या प्रोटीनला उठवतं आणि वेव्ह आर्प २/३ ला, सीडीसी-४२ हेच वास्पकडून करवतं, रो फॉर्मिन आणि मायोसिनला कामाला लावतं. पुढच्या कडेला रॅकचा जोर, मागे रोचा, पेशीला पुढे-मागे असतं ते मुख्यतः ह्यानं. परीक्षेत ही साखळी लिहिलीत तरी मार्क मिळतात आणि समजतंही.

चिकटणं आणि चालणं ह्या दोन गोष्टी मला तरी एकमेकीच्या उलट वाटतात. जी पेशी चिकटली ती चालणार कशी? तुम्ही दोन्ही एका दमात लिहिता.
(निवृत्त इंजिनिअर, कोथरूड, पुणे)

इंजिनिअरना हे सांगायला सोपं जातं. माडावर चढणारा पाडेली बघा, पायाची पकड नसेल तर वर सरकणार कशाच्या आधारावर, आणि पकड सोडताच येत नसेल तर तिथेच लटकून राहील. पेशीचंही तसंच, पुढे पकड, मागे सोड, आणि दोन्हीची वेळ जमली पाहिजे.

पकड धरणारं प्रोटीन म्हणजे इंटिग्रिन, पडद्याच्या आरपार उभं, बाहेरचं टोक कोलॅजन फायब्रोनेक्टिन असल्या जाळीला धरतं आणि आतलं टोक अ‍ॅक्टिनकडे. माणसात ह्याचे २४ प्रकार आहेत. एरवी ते वाकून मिटलेलं असतं. आतून टॅलिन नावाचं प्रोटीन येऊन शेपटीला लागलं की ते सरळ उभं राहतं आणि मगच बाहेरचं नीट पकडतं, म्हणजे चिकटायचं की नाही हे बऱ्याच अंशी आतून ठरतं.

टॅलिनचं दुसरं अंग अ‍ॅक्टिनला धरतं. अ‍ॅक्टिनचे धागे मागे सरकत असतात, मायोसिन ओढत असतं, त्यामुळे टॅलिनवर ताण येतो, आणि ताण आला की टॅलिनच्या घड्या उलगडतात, आत लपलेल्या जागा उघड्या पडतात, तिथे व्हिन्क्युलिन येऊन बसतं आणि तेही अ‍ॅक्टिनला धरतं. म्हणजे जेवढं ओढाल तेवढा सांधा पक्का! आपल्या गाठींसारखा नाही हा प्रकार. ओढणंच बंद केलं, म्हणजे मायोसिन औषधानं थांबवलं, तर चिकटण्याचे मोठे ठिपके विरून जातात. आणि पेशी मऊ जेलवर ठेवली तर तिथे ताण बसत नाही म्हणून ठिपके लहानच राहतात, म्हणजे खालची जमीन कडक आहे का मऊ हे पेशीला ओढून बघूनच कळतं.

सोडण्याचं काम मागे चालतं. मायोसिनची ओढ, शिवाय कॅल्पेन नावाचं एन्झाइम टॅलिनलाच कापतं आणि सांधा सुटतो. १९९७ मध्ये एका प्रयोगात पृष्ठभागाचा चिकटपणा आणि इंटिग्रिनची संख्या आणि पकड बदलत पेशींचा वेग मोजला, कमी चिकट असताना हळू, फार चिकट असताना हळू, मधे कुठेतरी सगळ्यात जास्त. तुमच्या शंकेचं उत्तर त्या एका आलेखात आहे.

एक पुरवणी. हे सगळं सपाट काचेवरच्या पेशींवरून जास्त कळलंय. पांढऱ्या पेशी टिश्यूच्या दाट जाळीतून जाताना इंटिग्रिनशिवायही वाट काढू शकतात, नुसतं अंग आवळत आणि वाहवत. पण रक्तवाहिनीच्या भिंतीवर थांबायला, जिथे रक्ताचा प्रवाह ढकलत असतो, तिथे मात्र पकड लागतेच, आणि पुढचा प्रश्न नेमका तिथलाच आहे.

बाळाला तीन आठवडे होऊन गेले, नाळ अजून पडली नाही. नेटवर शोधलं तर ल्युकोसाइट अ‍ॅडहेजन डेफिशियन्सी असं काहीतरी आलं आणि घरात कोणाला झोप नाही. सासूबाई म्हणतात काही होत नाही, पडेल. काय करू?
(एक आई, लातूर)

सासूबाई बहुधा बरोबर आहेत, पण बाळाला डॉक्टरांना दाखवाच. नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत पडते, तीन आठवड्यांच्या पुढे गेली तर उशीर म्हणतात, आणि उशीर झालेल्या बहुतेक बाळांना काहीच आजार नसतो.

तो आजार काय आहे ते सांगतो म्हणजे काय बघायचं ते कळेल. नाळ सुटायला तिच्या बुडाशी पांढऱ्या पेशी जमा व्हाव्या लागतात. त्यांच्या इंटिग्रिनमधली सीडी-१८ नावाची साखळी जनुकातल्या दोषानं बनलीच नाही किंवा फार कमी बनली तर त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरू शकत नाहीत, बाहेर पडू शकत नाहीत, रक्तातच फिरत राहतात. म्हणून ह्या बाळांच्या रक्तात पांढऱ्या पेशी खूप जास्त दिसतात आणि जखमेत मात्र पू जवळजवळ नसतो. नाळ उशिरा, नाळेच्या मुळाशी इन्फेक्शन, पुन्हा पुन्हा त्वचेचे हिरड्यांचे इन्फेक्शन, जखमा न भरणं असं सगळं असतं. आईवडील दोघांकडून दोष आला तरच होतो, त्यामुळे नात्यात लग्न असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बाळ दूध पितंय, ताप नाही, बेंबीला लाली किंवा वास नाही, तर घाबरू नका. डॉक्टर एक साधा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करतील. त्यात पांढऱ्या पेशी खूपच वाढलेल्या आल्या तर फ्लो सायटोमेट्रीनं सीडी-१८ बघता येतं, मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आजारांवर काम चालतं, डॉक्टर तिथे पाठवू शकतात. गंभीर प्रकारात बोनमॅरो ट्रान्सप्लांट हा उपाय आहे. आणि ताप, लाली, सुस्ती ह्यातलं काही दिसलं तर हे सदर बाजूला ठेवून आत्ता निघा.

आमच्या काकांचा ब्लड ग्रुप बॉम्बे आहे. कोणीतरी ग्रुपवर टाकलं की बॉम्बे ग्रुपवाल्यांच्या पांढऱ्या पेशी चिकटत नाहीत आणि त्यांची इम्युनिटी कमी असते. खरं का?
(वाचक, डोंबिवली)

नाही. पण ही अफवा कुठून आली असेल ते मला दिसतंय, कारण तिच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे.

बॉम्बे ग्रुप १९५२ मध्ये मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. ए आणि बी ज्याच्यावर बसतात तो पायाच, म्हणजे एच अँटिजेन, ह्या लोकांत नसतो. एच तयार व्हायला फ्युकोज नावाची साखर एका एन्झाइमनं जोडावी लागते, ते एन्झाइम काकांमध्ये नाही, बाकी सगळं ठीक.

आता पांढरी पेशी भिंतीला घट्ट चिकटण्याआधी तिच्यावर गडगडत हळू होते, आणि त्या गडगडण्यासाठीसुद्धा पेशीवर फ्युकोज लावलेली एक साखरसाखळी लागते, पण ती वेगळी एन्झाइम लावतात. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांचं वर्णन केलं, त्यांच्यात फ्युकोज योग्य जागी पोचतच नव्हतं, नंतर कळलं की ते आत नेणारं ट्रान्सपोर्टर प्रोटीनच खराब होतं. त्यामुळे गडगडण्याची साखळी पण नाही आणि एच पण नाही, म्हणजे पांढऱ्या पेशी निकामी आणि ब्लड ग्रुप बॉम्बे, सोबत वाढ खुंटलेली. ह्याला मागच्या प्रश्नातल्या ल्युकोसाइट अ‍ॅडहेजन डेफिशियन्सीचाच दुसरा प्रकार म्हणतात आणि तो अतिशय दुर्मिळ आहे. त्या मुलांचा ग्रुप बॉम्बे असतो म्हणून बॉम्बे ग्रुपच्या प्रत्येकाला तो आजार, हे उलटं गणित ग्रुपवर फिरतंय.

काकांनी काळजी घ्यायची ती एकच आणि ती मोठी आहे, साध्या तपासणीत त्यांचं रक्त ओ दिसू शकतं पण त्यांना ओ रक्त चालत नाही, फक्त बॉम्बेच चालतं. कार्ड पाकिटात ठेवा, घरातल्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या.

कॅन्सर पसरतो तो पेशी चालतात म्हणूनच ना? मग अ‍ॅक्टिन बंद करणारं औषध का काढत नाहीत?
(बऱ्याच जणांनी विचारलंय, नागपूर, मडगाव, अगदी न्यू जर्सीहून सुद्धा)

अ‍ॅक्टिन बंद करणारी द्रव्यं कधीपासून आहेत. बुरशीतलं सायटोकॅलासिन, तांबड्या समुद्रातल्या स्पंजमधलं लॅट्रनक्युलिन, ही धागे वाढू देत नाहीत. विषारी डेथ कॅप अळंब्यातलं फॅलॉइडिन उलट करतं, धागे इतके पक्के करतं की सुटतच नाहीत, आणि लॅबमध्ये अ‍ॅक्टिन रंगवायला आम्ही रोज तेच चमकता रंग लावून वापरतो. (ते अळंबं खाऊन माणूस दगावतो तो मात्र त्यातल्या दुसऱ्या विषानं, फॅलॉइडिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही.) पण ही औषधं म्हणून कशी देणार, हृदयाचे ठोके अ‍ॅक्टिनवर, जखम भरणं अ‍ॅक्टिनवर, पेशी दुभंगताना मधे आवळणारं कडं अ‍ॅक्टिनचं. कॅन्सरची पेशी थांबायच्या आधी पेशंट थांबेल.

नियंत्रण करणारं एकच प्रोटीन गेलं तरी काय होतं ते वास्पवरून दिसतं. १९३७ मध्ये जर्मनीत विस्कॉट ह्यांनी तीन भाऊ बघितले, रक्तस्राव, इसब, कानाचे इन्फेक्शन, बहिणी मात्र ठणठणीत. १९५४ मध्ये अमेरिकेत ऑल्ड्रिच ह्यांनी दाखवलं की हा आजार (आता विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम, वास्प हे नाव त्यावरूनच) एक्स क्रोमोसोमवरून येतो, आणि जनुक सापडलं १९९४ मध्ये. वास्प नसलं की रक्तातल्या पेशींत आर्प २/३ ला हलवणारा एक मुख्य हात जातो, प्लेटलेट कमी आणि आकारानं लहान, प्रतिकारशक्ती ढासळलेली.

म्हणून औषधं निघाली ती जास्त करून बाहेरच्या बाजूची, म्हणजे इंटिग्रिनची, आणि त्यातली एक गोष्ट कोकणवाल्यांनी वाचायलाच हवी. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं छोटं प्रोटीन आहे, त्यातला तीन अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा अगदी फायब्रोनेक्टिनमधल्या पकडीच्या तुकड्यासारखा, त्यामुळे प्लेटलेटवरचं इंटिग्रिन त्यालाच धरून बसतं आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटू शकत नाहीत. तो तुकडा समोर ठेवून टिरोफिबान बनवलं, १९९८ पासून वापरात आहे, हार्ट अटॅकच्या पेशंटला अँजिओप्लास्टीच्या वेळी गरज पडली तर देतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याच्या नावानं घाम फुटतो त्याच्याच विषावरून कॅथलॅबमधलं औषध निघालं.

पण पकड तोडण्याची किंमतही असते. नॅटॅलिझुमॅब हे मल्टिपल स्क्लेरॉसिसचं औषध पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, काही पेशंटच्या मेंदूत जेसी व्हायरसचं इन्फेक्शन उफाळलं म्हणून २००५ मध्ये मागे घेतलं, कारण पहारा देणाऱ्या पेशीही बाहेरच राहिल्या. २००६ मध्ये कडक अटींवर परत आलं आणि आज वापरतात.

कॅन्सरचं म्हणाल तर पेशी चालते ही एक पायरी झाली. आधी ती शेजारणींपासून सुटते, पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिन प्रोटीनची पकड बऱ्याचदा ढिली होते, मग रक्तात टिकते, मग दुसरीकडे रुजते. आणि बऱ्याच वेळा निदान होईपर्यंत काही पेशी निघूनही गेलेल्या असतात, तेव्हा चालणं थांबवून उपयोग मर्यादित. म्हणून "कॅन्सर पसरू न देणारं" असं लिहिलेलं काहीही ऑनलाइन विकत घेऊ नका, मला लिंक पाठवणाऱ्या तिघा-चौघांना हेच उत्तर.

बॅक्टेरिया पण अ‍ॅक्टिनवर चालतात का?
(इयत्ता नववी, सोलापूर)

स्वतःच्या नाही, आपल्या! लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया आपल्या पेशीत शिरतो, त्याच्या अंगावर अ‍ॅक्ट-ए नावाचं प्रोटीन असतं ते आपल्या आर्प २/३ ला फसवून कामाला लावतं, मागे अ‍ॅक्टिनची शेपटी वाढते आणि तिच्या धक्क्यानं तो शेजारच्या पेशीत घुसतो. हगवणीचा शिगेला पण असंच करतो, फक्त तो मधे वास्पच्या भावाला पकडतो. मलेरियाचा जंतू ह्याहून वेगळा, त्याचं स्वतःचं अ‍ॅक्टिन-मायोसिन आहे आणि डास चावल्यावर तो आपल्या त्वचेतून सेकंदाला एक-दोन मायक्रॉन घसरत जातो. आपली पांढरी पेशी एका मिनिटात दहा-वीस मायक्रॉन. भागाकार तू कर.